डिस्प्लेचा पीस

पडद्यावर पाऊस पडतोय. रस्ता ओला आहे, दुकानांच्या पाट्या पाण्यात उलट्या पडल्यात. पाऊस पडून संपतो, आणि पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरू होतो.

*

"आकाश असं निळं असतं होय?" डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मला कोणी बोललं कसं नाही?"

*

कोल्हा जोरात धावतो तेव्हा एका क्षणी त्याचे चारही पाय हवेत असतात. तो क्षण चुकला, की कोल्हा धावत नाही. घसरतो.

*

बिस्किटाच्या पुड्यावरचा लाल. कालच्या लालपेक्षा तपकिरीकडे झुकलेला. जरासा. अगदी जरासाच. तरी छपाई थांबवा.

*

सूचना: बटणं दाबा, पण आपल्यानंतरही माणसं येणार आहेत हे लक्षात असू द्या. पडद्याला बोट लावल्यास बोट पुसून मिळणार नाही.

*

तर, ही सूचना दुकानातली. पाऊस तिच्यासमोरच्या मॉनिटरवरचा. बाबा तिचे. बिस्किटाचा लाल तिच्या नोकरीतला. छापखान्यात पुड्यांचे रंग तपासणं हे तिचं काम होतं.

कोल्हा कोणाचा, ते तिला अजून माहीत नव्हतं.

*

"कोणी केलं हे?"

शेल्फच्या पलीकडे एक हात दिसला. हातात माऊस. मग कपाळ, मग दोन भुवया, त्यातली एक वर गेलेली.

"काय केलं?"

"हे... निळं. मी बाबांशी फोनवर बोलायला पाठ फिरवली, तेवढ्यात. आत्ता इथे माणसाचा चेहरा माणसासारखा दिसत होता. आता बघा! गारठून गेलाय बिचारा."

"अच्छा. मी वेगाचा मोड लावला. तो लावला की रंग आपोआप असे होतात."

"मग लावू नका."

"अहो, पण मला वेगच बघायचाय."

"आणि मला रंग."

"मग... आता?"

दोघांनी एकाच वेळी मॉनिटरमागच्या, सेटिंग बदलायच्या छोट्या दांडीकडे हात नेला. बोटं लागली. दोघांनीही हात असे मागे घेतले, जणू दांडी तापली होती.

काउंटरवरून दुकानाच्या मालकीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "भांडू नका. त्यात सेटिंग साठवायला दोन खाने आहेत. गेमर एक, गेमर दोन. पोरी, तुझं एकात ठेव. यांचं दोनात. जाताना आपापलं सेव्ह करा, म्हणजे उद्या बोंबाबोंब नको."

"उद्या?" ती म्हणाली. "मी आजच घेऊन जाणार आहे."

"मीही," तो म्हणाला.

मालकीणबाईंनी चष्मा डोक्यावर चढवला आणि पडदे पुसायचं मऊ फडकं झटकलं. "तो डिस्प्लेचा पीस आहे. एकच आहे. नवा माल यायला वेळ लागेल. कोण नेणार ते तुम्ही दोघं ठरवा."

त्या दिवशी कोणीच नेला नाही.

*

बाबांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर ते घरच्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायला लागले. शर्यतीत ते प्रत्येक वळणाआधी इंडिकेटर देत.

"बाबा, शर्यत आहे ती."

"म्हणून काय मागच्याला सांगायचं नाही?"

ते कायम शेवटी यायचे आणि कायम खूश असायचे. मोतीबिंदूमुळे सगळंच धूसर होतं तोवर जुन्या मॉनिटरशी त्यांची काही तक्रार नव्हती. ऑपरेशननंतर सुरू झाली. रंग धुतल्यासारखे आहेत. बोगद्यात शिरलं की नुसती काजळी. आणि मुख्य म्हणजे, "गाडी वळते, रस्ता मागनं येतो. अशा रस्त्यावर मी पॅसेंजर घेणार नाही."

म्हणून ती मॉनिटर बघायला आली होती. पळणारा हवा, आणि रंगांचाही खरा हवा. म्हणजे सून सुगरणही हवी, गाणारीही हवी, आणि रोज वेळेवर उठणारीही.

*

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटल्यावर ती आली, तर तो आधीच बसलेला. पडद्यावर माऊसचा बाण नुसता गोल गोल फिरवत होता. तिने थोडा वेळ बघितलं.

"काय हरवलंय?"

"वेग बघतोय." तो थोडा सरकला. स्टूल एकच होतं. मालकीणबाईंनी कुठूनतरी दुसरं सरकवलं. "एका सेकंदात पडदा किती वेळा चित्र बदलतो, ते. हा साठ वेळा." त्याने सेटिंग बदललं. "हा एकशे चव्वेचाळीस." पुन्हा बदललं. "आणि हा दोनशे चाळीस. दिसतोय फरक?"

"नाही."

"नाही?"

"बाण आहे. फिरतोय. आधीही फिरत होता."

त्याने एक सुस्कारा सोडला. मग एक मजकुराची खिडकी उघडली, साठावर आला, आणि खिडकी इकडून तिकडे सरकवायला लागला. "वाचा."

"काय वाचू? सगळं फासलंय. शाई ओली असताना अंगठा फिरवल्यासारखं."

"आता?" दोनशे चाळीस.

"'उत्पादन वापरण्यापूर्वी सूचना...'" ती थांबली. खिडकी पळतच होती आणि तिला वाचता येत होतं! "अय्या!"

तिला हे 'अय्या' आवडलं नाही. छापखान्यात ती कधी अय्या म्हणत नसे. पण तो इतका खूश झाला होता, की जणू तो वेग त्यानेच घरी बनवून आणला होता.

"तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"कोल्हा पळवतो."

"...बरं."

"खरंच. कार्टून फिल्म बनवतो आम्ही. हालचाल माझ्याकडे असते. सध्या कोल्हा आहे. त्याचे चारही पाय हवेत असतात तो एक क्षण मला सापडत नाहीये. ऑफिसातला मॉनिटर तो क्षण गिळतो. दिवसभर कोल्हा पळवायचा आणि संध्याकाळी गेममध्ये स्वतः पळायचं, असं आयुष्य आहे."

"पळून कुठे जाता?"

"अजून तरी कुठेच नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा माऊसकडे बघायला लागला.

*

गेमर एक: उजेड मध्यम. लाल कमी. निळा बराच कमी. वेग साधा.

गेमर दोन: उजेड पूर्ण. लाल आहे तसा. निळा आहे तसा. वेग सगळ्यात जास्त.

*

पुढच्या वेळी तिची पाळी होती.

तिने पिशवीतून छापखान्याची रंगपट्टी काढली, पडद्याशेजारी धरली, एक डोळा मिटला. मग कॉम्प्युटरवर एचडीआर चालू केलं. पडदा क्षणभर मिटला, उघडला. पावसाचा तोच रस्ता. पण आता पाटीचा दिवा खराखुरा पेटलेला होता, इतका, की त्याने डोळे बारीक केले. आणि त्या दिव्याशेजारचा अंधार अंधारच राहिला होता.

"हे एचडीआर," ती म्हणाली. "झगझगीत ते झगझगीत, काळोख तो काळोख, दोन्ही एकाच चित्रात. आता शेजारचा बघा."

"त्याच्यावरही एचडीआरचं स्टिकर आहे की."

"आम्ही पुड्यावर 'भरपूर काजू' छापतो ना, तसं स्टिकर आहे ते. त्याच्या अंगात उजेडच नाही. नुसतं राखाडी." ती पुढे झुकली. "इथे या. या दारात मांजर आहे. दिसतंय?"

"कुठे?"

"दारात. नाही... डावीकडे. अजून."

तो झुकला. त्याच्या शर्टाला पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. तिने श्वास जरा हळू घेतला – उगाच, मांजर पळेल म्हणून.

"...हो," तो म्हणाला. "बसलंय."

"इतर सगळ्या पडद्यांवर ते दार रिकामं आहे."

पाऊस संपला. चित्र पुन्हा सुरू होण्याआधी पडदा एक सेकंद पूर्ण काळा झाला, आणि त्या काळ्यात दोन चेहरे दिसले, शेजारी शेजारी. एकमेकांकडेच बघत होते.

मग पहिला थेंब पडला.

"काळा रंग चांगला आहे याचा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "फारच चांगला आहे."

*

"वा, काय गुळगुळीत चालतो हा!" (तो, त्याच आठवड्यात.)

"बाकी काही म्हणा, याच्यासारखं पळणं दुसऱ्याचं नाही." (तो, पुढच्या आठवड्यात.)

ती मेनूत शिरून तांबड्याशी खेळत होती. मेनूच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ होती. तिने ती वाचली. मेनू बंद केला.

"चहा?" ती म्हणाली.

*

घरी.

"ठरला मॉनिटर?"

"नाही बाबा. काळा अजून नीट बघायचाय."

"काळ्यात काय बघायचं असतं?"

"खूप असतं."

"आणि कोण कोण बघतं?"

"बाबा!"

"मी काही बोललो नाही. वळण दिसलं, इंडिकेटर दिला."

*

खरं तर मॉनिटर कधीच ठरला होता. दोघांनाही तोच हवा होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. अडचण वेगळी होती. तिने तो घेतला, तर याला दुकानात यायचं कारण नाही. त्याने घेतला, तर हिला नाही. नंबर मागायला कारण लागतं, आणि मॉनिटर ठरल्यावर कोणतंच कारण उरणार नव्हतं. रंगवाली आपल्या छापखान्यात जाईल, वेगवाला आपल्या कोल्ह्याकडे, आणि एवढ्या मोठ्या शहरात पुन्हा एका दांडीला दोघांचा हात लागायचा योग कुठून येणार?

म्हणून रोज काहीतरी उणं निघायचं.

"कडेला उजेड जरा सांडतोय का?"

"मला वाटतं, सांडतोय."

"स्टँड डुगडुगतं."

"डुगडुगणारच. तुम्ही हलवताय ते."

"मानेला त्रास होईल याने."

"पुन्हा एकदा बघू या का, उद्या?"

"बघायलाच हवं. घाई कशाला?"

मालकीणबाई पुढच्या पडद्यावर फडकं फिरवत म्हणाल्या, "याच्या निम्म्या वेळात आमचं लग्न ठरलं होतं. आणि तेव्हा तर दाखवायला डिस्प्लेचा पीसही नव्हता."

*

गेमर एक: उजेड जरा जास्त. वेग सगळ्यात जास्त.

"तुम्ही वेग वाढवलात?"

"बाबांच्या वळणासाठी."

गेमर दोन: लाल कमी. निळा बराच कमी.

"आणि तुम्ही निळा उतरवलात?"

"डोळ्यांना... बरं वाटतं."

मालकीणबाईंनी एक खाना लावून बघितला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "दोन्हीकडे सारखंच आहे की. मग दोन जागा कशाला अडवल्यात?"

दोघंही पडद्याकडे वळले. पडद्यावर पाऊस पडत होता, त्याचं बरं.

*

आणि मग एक दिवस तिथे मॉनिटर नव्हता.

शेल्फवर एक चौकोन होता, धूळ नसलेला. वरून एक केबल लोंबत होती, आणि समोर स्टुलावर तो बसला होता, केबलचं टोक हातात घेऊन. कोणीतरी फोन ठेवून द्यावा आणि याने तरी कानाला लावून बसावं, तसा.

"गेला?" तिने विचारलं.

"गेला," मालकीणबाई म्हणाल्या. "सकाळी एक गिऱ्हाईक आलं, बघितलं, घेतलं. माणसं असंही करतात, बरं का. मी तुमच्यासाठी किती दिवस थोपवणार? दुकान आहे, वधूवर मंडळ नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिने रंगपट्टी काढली, रिकाम्या चौकोनाशेजारी धरली, आणि पुन्हा पिशवीत टाकली.

"पण एक विचारू?" मालकीणबाई आता त्याच्याकडे वळल्या. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "तुम्ही वेगवाले ना? डोळे मिटून सांगेन, कोणता किती पळतो, असं म्हणाला होतात?"

"...म्हणालो होतो."

"त्या गिऱ्हाइकाने पहिल्या मिनिटाला विचारलं, हा अडखळतोय का? मी बघितलं, तर साठावर! एचडीआर चालू केलं की ही जुनी केबल दम टाकते. केबल बदलली आणि सुटला की वाऱ्यासारखा. म्हणजे इतके दिवस तो साठावर चालत होता. आणि तुम्ही त्याच्यापुढे बसून 'काय गुळगुळीत, काय गुळगुळीत'!"

त्याने केबलचं टोक उलटसुलट करून बघितलं.

त्याचे कान लाल झाले. शुद्ध लाल, तपकिरीची छटाही नाही. तिने डोळ्यांनीच पास केला तो.

"माझी केबलांची ऑर्डर बघते," मालकीणबाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. जाताना दार लावायचं त्यांनी टाळलं.

तो केबलशी बोलावं तसं बोलला. "साठ आणि दोनशे चाळीस मला खरंच ओळखता येतात. झोपेतही."

"मग?"

"मग काय... बघितलं तर ओळखणार ना."

"तुम्ही बघत नव्हता?"

"पहिले दोन दिवस बघितलं. नंतर..." त्याने केबल शेल्फवर ठेवली, पुन्हा उचलली. "पाऊस संपला की पडदा काळा व्हायचा ना, एक सेकंद. तेवढ्यासाठी बसायचो. बाकीचा वेळ पडद्यावर काय चाललंय, मला खरंच पत्ता नव्हता. मांजरसुद्धा मला दिसलं नव्हतं."

"बसलंय म्हणालात की!"

"मांजर दुसरं काय करणार?"

ती हसली. आधी नाकातून, मग खरीखुरी. मग तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"साठावर आहे ते. मेनूच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मी वाचलं होतं."

"कधी?"

"तुम्ही गुळगुळीत, गुळगुळीत म्हणत होतात तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही केबल बदलली असती."

"बदललीच असती!"

"मग तो अगदी हवा तसा झाला असता. मग काही उणं राहिलं नसतं." तिने बंद सोडून दिला. "मग तुम्ही तो घेऊन गेला असता..."

तो तिच्याकडे बघत राहिला. थेट, मध्ये काच नसताना. तिला वाटलं होतं, आपल्याला खाली बघावं लागेल. पण नाही लागलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आपण दोघं इतके दिवस एका अडखळणाऱ्या मॉनिटरसमोर बसून..."

"हो."

"आणि त्याला नावं ठेवत होतो, स्टँड डुगडुगतं म्हणून..."

"ते मात्र तुम्हीच."

"तू," तो म्हणाला. "तू म्हण ना."

तिने म्हटलं नाही. लगेच नाही. आधी तिने फोन काढून त्याच्यापुढे धरला. "नंबर घाल. नाहीतर उद्या मला पुन्हा मॉनिटर विकत घ्यावा लागेल."

त्याने नंबर घातला. एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा घातला.

मागच्या खोलीतून आवाज आला, "झालं का? आता बाकीचे वीस मॉनिटर ठेवलेत, त्यातला एखादा घेणार, की त्यांच्याशीही आधी ओळख वाढवायची?"

*

तासाभरात घेतला, बाबांसाठी. शेजारच्याच रांगेतला. आधी केबल बघितली, मग कोपऱ्यातली ओळ वाचली, दोघांनी, मोठ्याने. मग एचडीआर, मग रंगपट्टी, मग पळती खिडकी. काळा जरा कमी खोल होता. चालेल, ती म्हणाली. काळ्याचं आता तितकं काही नाही.

*

रविवारी दुपारी तो खोकं उघडायला तिच्या घरी आला. टेबलाखाली शिरून केबल जोडली. बाहेर आला तर केसांना जाळं लागलेलं, आणि समोर बाबा.

"दुकानातून आलात?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे दुकानातलाच, पण..."

"बाबा, काळा बघायला मदत करत होता ना, तो हा."

"अच्छा," बाबा म्हणाले आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत निवांत बघून घेतलं. नव्या डोळ्याचा पुरेपूर उपयोग करून. "बसा. जाळं काढा."

बाबा खेळायला बसले. शर्यत सुटली. सगळ्या गाड्या सूं करून पुढे गेल्या. बाबांनी आरसे बघितले, मग निघाले. रस्ता गाडीबरोबर वळला, झाडं एकेक करून मागे गेली, पानांसकट. बोगदा आला. आतल्या भिंतीवरच्या विटा दिसत होत्या, आणि टोकाला ऊन होतं, खरं, डोळ्यांवर येणारं.

"हां," बाबा म्हणाले. "आता हा रस्ता झाला. यावर पॅसेंजर घेईन मी."

"काका, इथे डावीकडून पुढे काढता येईल," तो म्हणाला.

"येईल की. पण घाई कोणाला आहे?" बाबांनी इंडिकेटर दिला. "तुम्हाला आहे?"

"नाही," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

"एकदम उत्तर दिलंत. चांगलं आहे." बाबा वळले, सरळ झाले. पडद्यावरून नजर काढली नाही. "मी रस्ता बघतोय. तुम्ही दोघं काय बघताय, ते मी विचारत नाही."

तिने चहा ठेवायला उठायचं ठरवलं होतं. ती उठली नाही. खुर्च्यांच्या मध्ये, बाबांना दिसणार नाही अशा जागी, तिचं बोट त्याच्या बोटाला लागलं. या वेळी कोणीच हात मागे घेतला नाही.

"तू घाबरलास का?" तिने हळूच विचारलं.

"फार," तो म्हणाला. "कोल्ह्यासारखा झालोय. चारही पाय हवेत."

*

डिस्प्लेचा पीस त्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला होता. त्याच्या टेबलावर तो मावला नाही.